मूळ राहणार पोलादपूर, हल्ली मुक्काम मुंबई

दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे या मुलाने १९१४ च्या सुमारास शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि तो पास झाला. सरकारी शिष्यवृत्ती म्हणजे दरमहा हातात पडणारी रोकड. सावित्री नदीच्या काठावरच्या एका महार कुटुंबाला तिचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको. पण ती घ्यायची तर इंग्रजी शाळेत नाव हवे, आणि महाडच्या इंग्रजी शाळेने नाव घालून घ्यायला नकार दिला. पोरगा खमक्या होता. त्याने वर्तमानपत्राला पत्र धाडले: सरकारी अनुदानावर चालणारी शाळा अस्पृश्याच्या मुलाला घेत नसेल, तर तिचे अनुदान बंद का करू नये? पत्राने काम केले, प्रवेश मिळाला; बसायला जागा मिळाली ती मात्र वर्गाबाहेर. हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या आयोजकांत होते आणि नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले.

सरकारने पात्र ठरवलेल्या मुलाला पैसे मिळण्याआधी आणखी एक दार ओलांडावे लागले, आणि त्या दाराची किल्ली सरकारकडे नव्हती. महाड-पोलादपूरच्या तरुणांचा सरकारी पैशाशी आलेला गेल्या सव्वाशे वर्षांचा संबंध तपासला, तर हे दुसरे दार जवळजवळ प्रत्येक पिढीला आडवे आलेले दिसते. पहिल्या दारावरची अट सरकारी कागदात छापलेली असते. दुसऱ्या दारावरची कुठेच छापलेली नसते, पण गावात सगळ्यांना ठाऊक असते.

मुलूख आधी ध्यानात घ्यायला हवा. महाड हे पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातले, सावित्रीच्या खाडीवरचे जुने व्यापारी गाव, घाटावरचा माल उतरण्याचे ठिकाण. पोलादपूर त्याच्या दक्षिणेला, आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याशी. ब्रिटिश अमदानीत ते बराच काळ महाडच्याच पोटात होते. पाऊस धो धो, पण जमीन उताराची. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. दिवाळीच्या आगेमागे झोडणी-मळणी उरकली की पुढचा पावसाळा येईपर्यंत तरण्याताठ्या माणसाला गावात करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून माणसे बाहेर पडली आणि पडतच राहिली. आजही जनगणनेत या दोन्ही तालुक्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त भरतात, ते उगाच नाही.

बाहेर पडायच्या वाटा दोन: पलटण आणि मुंबई.

पलटणीची वाट जुनी. महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच फौजी आंबवडे पडले, कारण घरटी माणूस फौजेत. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांना दुसऱ्या महायुद्धात, इटलीत १९४४ साली धारातीर्थी पडल्यावर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण शौर्याच्या कथा बाजूला ठेवून नुसता व्यवहार पाहिला, तर पलटण म्हणजे सरकारकडून तरुणाला मिळणारा पहिला नियमित पैसा होता आणि पेन्शन म्हणजे गावात येणारा पहिला कायमचा सरकारी पैसा. पेन्शनर हवालदार-सुभेदारांच्या घरांतली मुले शिकली, त्यांनी सभा भरवल्या, अर्ज लिहिले. कोकणातल्या पहिल्या पिढीच्या दलित चळवळीचा खर्च बराचसा पेन्शनीतून भागला असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

या वाटेवरची पात्रता साधी दिसते: वय, उंची, छाती. पण १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांच्या डोक्यात ‘लढवय्या जातीं’चे खूळ भरले आणि महारांची भरती बंद झाली. त्याआधी कित्येक पिढ्या मुंबई फौजेत राबलेल्या समाजाची मुले एका फटक्यात अपात्र झाली. छाती तीच, उंची तीच.

या निर्णयाला पहिले लेखी उत्तर दिले ते महाडजवळच्या रावढळच्या माणसाने. गोपाळ बाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीत राहिले, ‘विटाळ विध्वंसन’ नावाची पुस्तिका त्यांनी लिहिली, आणि १८९४ मध्ये भरती पुन्हा खुली करावी असा अर्ज तयार केला. दुसऱ्याच वर्षी त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली; शेजारी बसायचे म्हणून बोर्डाच्या सवर्ण सभासदांनी नाके मुरडली. भरतीची मागणी पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याकडून लावून धरली, त्यांचा १९१० चा अर्ज थेट विलायतेपर्यंत गेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. अडीनडीला पात्र, एरवी अपात्र.

१९ मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर जे घडले ते सर्वांना पाठ आहे. पहिल्या दिवशीचे अध्यक्षीय भाषण तितके आठवले जात नाही. त्यात डॉ. आंबेडकरांनी याच मुलखातल्या पेन्शनरांचे जुने वैभव सांगितले आणि पलटणीची भरती बंद झाल्याने समाज कसा खचला याची मांडणी केली. पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर जाण्याच्या आदल्या दिवशी बोलणे चालले होते ते नोकरीच्या पात्रतेविषयी. महार रेजिमेंट उभी राहायला त्यानंतर १९४१ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

दुसरी वाट मुंबईची, आणि तिच्यावर सरकार कुठेच नव्हते. गिरणीत लागायचे तर वय-शिक्षण कोणी विचारत नसे. जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, ओळख हवी. जॉबर गावचा किंवा निदान भावकीतल्या कोणाच्या ओळखीचा असावा लागे. तो मुलाला बदली म्हणून उभा करी. बदली म्हणजे कायमचा माणूस गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागायचे. नाही राहिला तर पाळीच्या भोंग्यानंतर परत खोलीवर. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. ठरावीक बदल्यांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचे, कार्डवाल्याने रोज सकाळी गेटवर हजर राहायचे, आणि आधी हक्क त्याचा. मुंबईतल्या बेकारांची ही पहिली ‘नोंदणी’ म्हणता येईल. तिच्यात भत्ता नव्हता, फक्त रांगेतला नंबर होता.

मग काम नसलेल्या दिवसांत हे लोक जगत कसे? लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण, वळकट्या भिंतीला, पाळीप्रमाणे झोपायचे. बेकार पोराचे खोलीभाडे गावकी सांभाळून घेई आणि खानावळवाली बाई खाते लांबवी. फारच ताणले तर गावी परत. गावी भात होते, छप्पर होते.

विशेष म्हणजे सरकारने याच गोष्टीला धोरण करून टाकले. इंग्लंडमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ठरावीक धंद्यांतल्या बेकार कामगाराला आठवड्याला सात शिलिंग, वर्षात पंधरा आठवड्यांपर्यंत, मिळू लागले होते. १९३१ च्या मंदीत तिथे कुटुंबाची मिळकत तपासण्याची अट आली आणि घरात शिरून भांडीकुंडी मोजणाऱ्या तपासनिसांवर लोक चिडले. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे व्हिटली कमिशनचा, अहवाल बाहेर पडला. बेकारी विमा या देशात सध्या शक्य नाही, असे कमिशनने म्हटले. आणि कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू आहे, ती टिकवावी, असेही. हिशेब असा की गिरणी मुंबईची, नफा मालकाचा आणि बेकारीचा विमा पोलादपूरच्या खाचराचा. हप्ता भरायची ती गावात राहिलेली बाई, नांगरणी-लावणी एकटीने उरकून.

हा विमा वठवायची वेळ पन्नास वर्षांनी आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार उतरले. महिने लोटले तसे कोकणातले कामगार गाड्या भरून गावी परतले. मनीऑर्डरवर चालणाऱ्या गावांत मनीऑर्डर पाठवणाराच येऊन बसला. या परतलेल्यांना बेकार म्हणून सरकारदरबारी कुठे नाव लावता आले? गिरणीच्या हजेरीपटावर ते कामगार होते. गावच्या रेशनकार्डावर होते किंवा नव्हते. ‘मूळ राहणार पोलादपूर, हल्ली मुक्काम मुंबई’ असे ज्याच्या कागदावर लिहिलेले, त्याला दोन्हीकडचे कारकून दुसरीकडे बोट दाखवतात. पुढे गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा अट ठरली की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा द्या. मग गावोगावच्या ट्रंका उघडल्या. तिकीट नंबर, रजेचे कार्ड, ईएसआयचे कार्ड, फंडाची चिठ्ठी. नवऱ्याच्या मागे विधवांनी आणि मुलांनी हे कागद जपले होते म्हणून निभावले. ज्यांचे वाळवीने खाल्ले त्यांचे राहिले.

सरकारने बेकारांची नोंद घ्यायला सुरुवात केली तीही सैनिकांमुळेच. १९४५ मध्ये महायुद्ध संपत आले, लाखो जवान घरी परतणार होते, त्यांना कामाला लावण्यासाठी देशभर रोजगार विनिमय केंद्रे उघडली. १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली. शिवा राव समितीच्या शिफारशीनंतर १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला आणि १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा रोजगार केंद्राला कळवणे सक्तीचे झाले. जागा भरायचे बंधन नाही, कळवायचे. या एका पळवाटेत पुढची चाळीस वर्षे मावतात.

कुलाबा जिल्ह्याचे केंद्र अलिबागला. पोलादपूरहून अलिबाग म्हणजे शंभरावर किलोमीटर, तेही जिल्हा न ओलांडता. मॅट्रिक झालेल्या मुलाने पहाटेची एसटी पकडायची, वाटेत गाडी बदलायची, खिडकीशी रांग धरायची, आणि संध्याकाळी एक कार्ड घेऊन परतायचे. कार्डावर नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख. ती तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, रांगेत पुन्हा शेवटी. मुलगा मुंबईत हॉटेलात लागलेला असला तरी घरचे त्याच्या कार्डाची तारीख विसरत नसत. कॉल येईल या आशेवर पंचविशी उलटे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ केंद्राने पाठवलेल्या नावांतून भरती करणे पुरेसे नाही, जाहिरातही द्या आणि इतरांचाही विचार करा. निकाल न्याय्यच होता, पण कार्डाची किंमत तिथेच संपली. आज ते केंद्र लांबलचक नावाचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले आहे, नोंदणी महास्वयंच्या संकेतस्थळावर होते आणि अलिबागची फेरी वाचते. एवढी सुधारणा मान्य करायलाच हवी.

भत्त्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने मुद्दाम वेगळी वाट धरली. पश्चिम बंगालने १९७८ मध्ये आणि केरळने १९८२ मध्ये नोंदणीकृत बेकारांना थोडाफार रोख भत्ता सुरू केला. महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात वेगळा प्रयोग केला होता: पैसे मागेल त्याला पैसे नकोत, काम मागेल त्याला काम द्या. १९७२ च्या दुष्काळात तो विचार राज्यभर पसरला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. तो मुख्यतः शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाई. म्हणजे मुंबईतल्या चाकरमान्याने भरलेल्या करातून त्याच्या गावच्या भावाला काम. कल्पना देखणी होती आणि जगात तिच्या तोडीची उदाहरणे त्या काळी फार नव्हती.

पात्रताही उदार. वय अठरा पूर्ण, ग्रामीण भागातला रहिवास, आणि अंगमेहनतीचे अकुशल काम करायची तयारी. जात नको, उत्पन्नाचा दाखला नको, सातबारा नको. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकार भत्ता, मूळ कायद्यात दिवसाला किमान एक रुपया. या रुपयाला हसायचे कारण नाही. काम न देणे ही सरकारची चूक आहे आणि तिचा दंड सरकारने भरायचा, हे तत्त्व त्या रुपयात होते.

पण योजना घाटावरच्या दुष्काळात जन्मलेली. पाझर तलाव, नालाबांध, मातीकाम, एकेका कामावर निदान पन्नास मजूर. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर पन्नास धडधाकट माणसे मिळायची कुठून? जी होती ती बाया आणि म्हातारी. तरुण मुंबईत. मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर, आणि इथे फूटभर खाली कातळ. शिवाय मॅट्रिक पास झालेल्या मुलाला घमेले उचलायची लाज वाटे. ती चुकीची असेल, पण होती. कायद्याने तो पात्र होता आणि मस्टरवर त्याचे नाव नव्हते. कोकणात रोजगार हमीचा खरा उपयोग झाला तो १९९० नंतर, तिच्याशी फळबाग लागवड जोडली गेली तेव्हा. आंबा-काजूच्या खड्ड्यांपासून कलमांपर्यंत खर्च सरकारचा. उजाड वरकस जमिनी हिरव्या झाल्या, पण त्यासोबत सातबारा आला.

सातबाऱ्याचे कोकणातले प्रकरण बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एकरभर वरकस जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांच्या चार भावांच्या तीन पिढ्या नांदत असतात. निम्मी नावे मुंबईत, दोन-चार मयत पण वारस लावलेले नाहीत, एक आत्या लग्न होऊन बडोद्याला. बाग लावायची तर या सगळ्यांची संमती. गावात राहिलेल्या तरुणाने कलमे लावायची आणि फळे धरली की हिश्शाला माणसे उभी, म्हणून संमती देणाराही कचरतो आणि मागणाराही.

१९८० मध्ये मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अ. र. अंतुले याच जिल्ह्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच काळात, १ जानेवारी १९८१ पासून. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांनी आणली आणि विधवा, अपंग, निराधार यांना दरमहा रोख मिळू लागले. धडधाकट तरुणाला मात्र त्यात जागा नव्हती; त्याच्यासाठी कर्ज होते. मुळात महाराष्ट्रातल्या सुशिक्षित बेकाराला सरकार नेहमी दोनच गोष्टी देत आले, प्रशिक्षण किंवा कर्ज. १९७४ चा रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम म्हणजे कारखान्यात-कचेरीत उमेदवारी आणि तेवढ्यापुरते विद्यावेतन. केंद्राची १९७९ ची ट्रायसेम म्हणजे ग्रामीण गरीब घरांतल्या १८ ते ३५ वयाच्या मुलांना प्रशिक्षण. १९९३ ची पंतप्रधान रोजगार योजना म्हणजे १८ ते ३५ वय, तीन वर्षांचा रहिवास, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २४ हजारांच्या आत (नंतर ४० हजार) आणि धंद्यासाठी कर्ज. या योजनेत लाखापर्यंत तारण नको असे छापलेले होते. बँकेत गेल्यावर जामीनदार आणा म्हणत, आणि जामीनदार कसा, तर पगारदार. पगारदार माणूस गावात असता तर पोरगा बँकेत कशाला गेला असता!

याच काळात बिरवाडीच्या बाजूला महाडची औद्योगिक वसाहत वाढली. रसायनांचे कारखाने आले, सावित्रीच्या पाण्याचा रंग बदलल्याच्या तक्रारी आल्या, आणि ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या’ ही घोषणा आली. राज्याचे धोरण १९६८ पासूनचे आहे: पर्यवेक्षकाच्या जागांत निदान ५० टक्के आणि इतर जागांत ८० टक्के स्थानिक. पण या धोरणातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला माणूस. त्या मोजमापात पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा मुलगा आणि सोलापूरचा मुलगा सारखेच. आयटीआय झालेल्यांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने एखादे वर्ष मिळते, त्यानंतर ठेकेदार. महाडच्या नाक्यावर सकाळी कंपनीच्या पाळीला निघालेल्या मुलांना विचारले तर कारखान्याचे नाव आधी येत नाही, ठेकेदाराचे येते.

आता ताजा अध्याय. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटले, कारण त्याच महिन्यात लाडक्या बहिणींसाठी दरमहा दीड हजार सुरू झाले होते, आणि ती योजना राबवणाऱ्या खात्याच्या मंत्री आदिती तटकरे याच जिल्ह्यातल्या. दोन योजनांतला फरक पाहण्यासारखा आहे. बहिणीला वय, रहिवास आणि उत्पन्नाच्या अटी पाळल्या की पैसे घरबसल्या. भावाला मात्र हजेरी. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास, शिक्षण चालू नसावे, बँक खाते आधारशी जोडलेले, महास्वयंवर नोंदणी. बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीला दहा हजार, सहा महिने, थेट खात्यात. महिन्यात दहा दिवस गैरहजर राहिला तर विद्यावेतन नाही.

अटी वाचल्या तर वावगे काही नाही. बेकारांसाठी राज्याने आजवर केलेल्या योजनांत ही सर्वांत सुटसुटीत म्हणावी लागेल. दुसरे दार उघडते ते आस्थापनेच्या पात्रतेत. प्रशिक्षण देणारी आस्थापना निदान तीन वर्षे जुनी हवी आणि भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, जीएसटी अशा नोंदण्या तिच्याकडे हव्यात. प्रशिक्षणार्थी किती घ्यायचे तेही कर्मचाऱ्यांच्या टक्केवारीत, उद्योगात १० आणि सेवाक्षेत्रात २० टक्के. महाडला औद्योगिक वसाहत आहे, तिथे निदान दार तरी आहे. पोलादपूरला काय? हायवेवरचे गॅरेज, वडापावची गाडी, हार्डवेअरचे दुकान, एखादी चिऱ्याची वखार. यातले कोण फंड भरते? राहिल्या ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि तालुक्याची कार्यालये, म्हणजे मोजक्या जागा. पदवीधर पोरगा नियमाने पात्र आणि तालुक्यात बसायला खुर्ची नाही. मुंबईत खुर्ची आहे, पण दहा हजारांत मुंबईत खोली, मेस आणि लोकलचा पास बसवून दाखवावा.

सहा महिने संपल्यावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, कायम करा म्हणाले. सरकारने २०२५ मध्ये पाच महिने वाढवून मुदत अकरा महिन्यांवर नेली. एकदा लाभ घेतलेल्याला पुन्हा नाही.

पलटणीची जुनी वाटही याच वळणावर आली आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. वय साडेसतरा ते एकवीस, सेवा चार वर्षे, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि पेन्शन नाही. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने तिचे गुणदोष जाणकार सांगतील. फौजी आंबवड्यासारख्या गावाच्या दृष्टीने गोष्ट सरळ आहे: ज्या पेन्शनीवर या मुलखात शाळा, सभा आणि घरे उभी राहिली, ती चारपैकी तिघांना मिळणार नाही, आणि पंचविशीच्या आतबाहेर ते पुन्हा नोंदणीच्या रांगेत असतील.

रोख बेकार भत्त्याचे आश्वासन अधूनमधून येत राहते. २०१९ च्या निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादीच्या शपथनाम्यात दरमहा पाच हजार होते, २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या जाहीरनाम्यात चार हजारांपर्यंत. पहिल्या खेपेला आश्वासन देणारे सत्तेत आलेही, भत्ता आला नाही.

या सगळ्या इतिहासात एक अट कायम राहिली आहे आणि ती सर्वांत जाचक आहे: मदत हवी तर जिथे काम नाही तिथेच राहून ती मागा. व्हिटली कमिशनने गावाला विमा ठरवले, रोजगार हमीने गावातला रहिवास मागितला, कर्जाने तीन वर्षांचा रहिवास मागितला. इथल्या तरुणाचे जगणे मात्र दोन पत्त्यांचे आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळीयेवर आणि पोलादपूर तालुक्यातल्या साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा नातेवाईक धावत आले ते बहुतेक मुंबईहूनच.

डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे रोजगार हमी खाते आले महाडचे आमदार भरत गोगावले यांच्याकडे. मोठ्या घोषणेची गरज नाही. दोन लहान गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. प्रशिक्षणाच्या जागा आस्थापनांच्या संख्येवर न ठरवता तालुक्यात नोंदलेल्या बेकारांच्या संख्येवर ठरवाव्यात, आणि पोलादपूरच्या मुलाला मुंबई-पुण्यात जागा मिळाली तर विद्यावेतनात खोलीभाड्याची भर घालावी. आणि वाचकांपैकी कोणी गावच्या ग्रामपंचायतीत रोजगार हमीचे काम मागायला जाणार असेल, तर मागणीच्या अर्जाची तारीख घातलेली पोचपावती घेतल्याशिवाय तिथून उठू नये. बेकार भत्त्याचे पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.